निवडलेली वरई

कामथडी
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

ती. सगुणाआत्यास,
नंदूचा नमस्कार.

तुमचं पत्र सोमनाथ कंडक्टरांनी नसरापूरच्या टपरीवर ठेवलं होतं, ते मिळालं. त्यातून मला जे कळलं ते क्रमानं लिहिते. चुकलं असेल तिथं दुरुस्त करा.

१. पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबला. माळावरच्या वरकस तुकड्यातली वरई कापायला माणसं मिळाली नाहीत. ती नोव्हेंबरच्या मध्यावर कापली.
२. यंदा वाडीत वरई फक्त तुमच्याकडं झाली. उपासाला दुकानातली भगर चालत नाही म्हणून सगळ्या बायका तुमच्याकडूनच नेतात.
३. मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले. त्यानंतर शेजारच्या बाळाबाईंचं जेवण तुटलं. उजव्या बरगडीखाली दुखू लागलं.
४. आता त्यांचं पोट पाणी भरल्यासारखं फुगलं आहे आणि हातपाय वाळले आहेत.
५. आणखी दोन बायकांना हेच होतंय. पुरुष एकही नाही.
६. भोरच्या डॉक्टरांनी बाळाबाईंना दारू पिता का, असं विचारलं.
७. कोंडिबा गुरवांनी सांगितलं की कुणीतरी गुरुवार मोडलाय, त्याचा हा कोप आहे.

सातवा मुद्दा मी बाजूला ठेवते. बाकीचे एकाच बाजूला जातात. आजारी पडलेल्या सगळ्या जणी उपास धरणाऱ्या आहेत, आणि उपासाला सगळ्या जणी एकाच घरचं धान्य खातात. हा आरोप नाही. माझं कामच बियाणं तपासायचं आहे, म्हणून आधी धान्याकडं लक्ष जातं. थोडी वरई पाठवा. कापूरहोळला आमच्या प्रयोगशाळेत मी स्वतः बघते.

पूर्वी तुम्ही दर रविवारी खिंडीत चढून रेंजमध्ये येऊन फोन करायचात. महिनाभर पत्रंच येतायत. तुमच्या मानसिंगला मी लग्नाला नकार दिल्यापासून आपलं बोलणं त्याला खपत नाही, त्यामुळं असेल असं मी धरून चालते. त्याबद्दल विचारणार नाही.

नंदू

*

खालची वाडी, वेल्हे
२८ डिसेंबर

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एक, दोन, तीन आकडे घालून लिवलंस, मला वाटलं तहसीलातनं समन्स आलं. लहानपणी बी तू अशीच. पडून गुडघा फुटला तरी आधी कुठं पडले ते सांगायचीस, मग रडायचीस.

तुझे सगळे आकडे बरोबर हायेत. दारूचं तेवढं पुरं न्हाई लिवलंस. डॉक्टरनं इचारलं दारू पिता का, तर बाळी म्हणाली, पिते की, माझ्या मेलेल्या नवऱ्यासंगं, रोज दिवेलागणीला. नर्स हसली. बाळी काय हसली न्हाई. आता वाडीतली पोरं तिला बघून बाटली तोंडाला लावल्यागत करत्यात. पोट असं टम्म झालंय की नववा महिना वाटावा, आन् वय साठ. तीच म्हणते, सगुणे, आता बारशाला काय घालशील.

धान्यात काय असणार गं. त्यो तुकडा दोन वर्सं पडीक होता. नुसता मुरूम, खाली कातळ. पाऊस सरला की चार दिवसांत जमीन कोरडी ठाक. तिथं दुसरं काय येत न्हाई, खुळखुळा तेवढा येतो. औंदा तर वरईत बी लई मातला, कमरेएवढा, पिवळ्या फुलांनी भरलेला. मानसिंग उपटाय निघाला होता, म्या न्हाई उपटू दिला. तुझा आज्जा म्हणायचा, मुरमावर खुळखुळा उगवला की जमीन जेवली. खरंच हाय ते, त्याच्या मुळाला गाठी असत्यात, पुढलं पीक बरं येतं. पाला कुजवून खाचरात घातला. सालीचं दावं वळून शेळीला बांधलंय. शेळीचं एक बरं, ती दावं चावत न्हाई आन् पाला बी तोंडाला लावत न्हाई. वाळल्या शेंगा दोऱ्यात ओवून ठेवल्यात. सूनबाईला, स्नेहलला, पाचवा महिना हाय, पाळण्याला बांधाय हुतील. वाऱ्यानं हालल्या की घरभर वाजत्यात.

कापणीला समदं वाळून खडखडीत झालं होतं. खळ्यावर झोडताना वरई कमी आन् खुळखुळाच जास्त वाजत होता.

सोमनाथकडं वरई धाडलीय. उरली तर दुधात शिजवून खा.

खिंडीत वारं लई बोचतं म्हणून फोन न्हाई. दुसरं काय न्हाई. मानसिंगचा राग मनात धरू नको, त्याचं तोंड तेवढं वाईट.

तुझी आत्या

*

कामथडी
सोमवार, ५ जानेवारी २०२६

ती. आत्यास नमस्कार.

वरई मिळाली. आमच्या पद्धतीप्रमाणं नमुना पाटावर पसरून दाणा दाणा वेगळा केला. निकाल असा: वरईखेरीज दुसरं बी नाही. बुरशी नाही. कीड नाही. माती, खडा नाही. वर्षभरात इतका स्वच्छ नमुना माझ्या पाटावर आलेला नाही. माझ्याबरोबर काम करणारी शुभ्रा म्हणाली, हे धान्य आहे की मोती.

तुमच्या पत्रात खुळखुळ्याचा उल्लेख वाचून मला शंका आली होती, कारण त्याचं बी पोटात जाणं चांगलं नाही. नमुन्यात ते अजिबात नाही. वरई खायला हरकत नाही.

म्हणजे कारण दुसरं आहे. विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून पाठवा. तेल कुठून आणता आणि बाळाबाई कुठलं झाडपाल्याचं औषध घेतात का, तेही कळवा. उद्या अंगारकी आहे. ज्यांना बरं नाही त्यांनी उपास धरू नये, असं माझं मत आहे. ते कुणी ऐकणार नाही, हे मला माहीत आहे.

नंदू

*

खालची वाडी
१३ जानेवारी

चि. नंदूस आशीर्वाद.

तुझं पत्र देवळात वाचलं. मानसिंगनंच वाचलं, मोठ्यानं, समद्यांपुढं. आमच्या मामाची पोरगी लॅबमधी हाय, ती लिवती वरई मोत्यावाणी, खायाला हरकत न्हाई. दोन वर्सांत पयल्यांदा त्याच्या तोंडून तुझं नाव ऐकलं. मला किती बरं वाटलं ते कागदावर कसं लिवू. काही बाया कुजबुजत होत्या, सगुणाच्या घरचं धान्य खाल्ल्यावर पोटं फुगली म्हणून. त्यांची तोंडं गप झाली.

आन् स्वच्छ असणारच की गं. तीन दुपारी स्नेहल आन् म्या सूप घेऊन बसलो होतो. माहेरला धाडायचं धान्य कुणी काडीकचऱ्यासकट धाडतं व्हय? खुळखुळ्याचं बी तेवढं हातानं वेचावं लागलं. ते वरईएवढंच असतंय, चाळणीतनं बी जातंय, पाखडून बी पडत न्हाई. बोटाला गुळगुळीत लागलं की काढायचं. घरात खायाला एवढं कोण निवडतं. उखळात घालून कांडलं की समदं सारखंच.

बाळीचं काय बरं न्हाई. आता कूस बदलता येत न्हाई. आणिक दोघी पडल्या. त्यात एक तर कोंडिबा गुरवाचीच सून, मग गुरव बी घाबरला. त्यानं सांगितलं, गुरुवार पुरं न्हाई, शिवरात्रीपतुर समद्या बायांनी सोमवार बी धरायचा. आमी धरलाय. शिवरात्रीला सगळ्या वाडीचा उपास, पोरासोरांसकट, आन् देवळापुढं एकच चूल. मानसिंगनं वरईचं उरलेलं पोतं देवाला बोललंय. स्नेहलला आजपतुर म्या पोटुशी म्हणून उपास धरू दिला न्हाई, त्या दिवशी मातर तिला बी धरावा लागंल.

पाण्याची बाटली धाडलीय. अक्षर तिरपं आलंय ते आडवी पडून लिवतेय म्हणून. थंडीनं अंथरूण सोडवत न्हाई.

तुझी आत्या

*

कामथडी
गुरुवार, १५ जानेवारी

ती. आत्या,

हे पत्र मिळाल्याबरोबर वरई थांबवा. कुणीही खाऊ नये. बाकीचं नंतर वाचा.

मी ज्याची तपासणी केली ते तुमचं पोतं नव्हतं. ते तुम्ही माझ्यासाठी निवडलेलं धान्य होतं. पोत्याचा नमुना परखी, म्हणजे पोकळ सळई, खुपसून घेतात, वरून, मधून आणि तळातून, न निवडता. नमुना कसा घेतला हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

तुम्ही वेचून जे फेकलंत तेच विष आहे. खुळखुळा जमिनीला चांगला, हे आजोबांचं म्हणणं बरोबर आहे. तो कडधान्याच्या कुळातला आहे. मुरमावर, कातळावर, पाण्यावाचून जगतो, आणि मुळांवरच्या गाठींतून जमिनीला खत देतो. त्याची दोरी चालते, पाला खाचरात चालतो. पण त्याचं बी माणसाचं यकृत बंद पाडतं. एका दिवसात नाही. थोडं थोडं खाऊन, आठवड्यांनी. आधी जेवण तुटतं, मग उजवीकडं दुखतं, मग पोटात पाणी होतं. दारू न पिणाऱ्या बाईचं पोट दारुड्यासारखं दिसतं. शेळी पाल्याला तोंड लावत नाही, ते याच कारणानं.

शिजवून ते जात नाही. भिजवून, भाजून जात नाही.

तुमच्या वाडीत आजारी पडली की बाई जास्त उपास धरते, आणि जास्त उपास म्हणजे जास्त वरई. पुरुष नाचणीची भाकरी खातात, म्हणून ते उभे आहेत. स्नेहलला तुम्ही उपास धरू दिला नाहीत, म्हणून ती उभी आहे.

न निवडलेल्या पोत्यातली मूठभर वरई पाठवा. बाळाबाईंना ताबडतोब पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं. वरईत काय होतं ते डॉक्टरांना सांगायला हवं. हे पत्र दाखवलं तरी पुरे.

एक प्रश्न. तुम्ही खिंडीत शेवटच्या कधी चढलात? वाऱ्याचं सांगू नका.

नंदू

*

खालची वाडी
रविवार, १ फेब्रुवारी

चि. नंदूस आशीर्वाद. हे पत्र स्नेहलच्या हातचं हाय, मी सांगते ती लिवते. माझा चष्मा मोडलाय.

तुझं पत्र आलं तवा मानसिंग घरात होता, त्यानं फोडलं. वाचून म्हणाला, आधी आमच्या घरात यायचं नाकारलं, आता आमच्या पोत्याला विष म्हणती. धा दिवसांत मोत्याचं विष झालं व्हय? त्यानं दोन हप्ते पत्र माझ्या हाती दिलंच न्हाई. त्याचं बी खरं हाय गं. देवळात समद्यांपुढं वाचून दाखवलंय त्यानं. आता कुठल्या तोंडानं सांगावं?

बाळी सोमवारी गेली. त्या दिवशी बी तिनं उपास मोडला न्हाई. सकाळी दोन घास वरईचा भात मीच भरवला. म्हणाली, सगुणे, तुझ्याच हातचं गोड लागतं.

तू लिवलंस ते खरं असंल तर ते घास कुणाचे, ते तूच सांग. न्हाई तर नको सांगू. वाडीला म्या काय सांगायचं, की माझ्या हट्टानं खुळखुळा ठेवला, माझ्या पोत्यानं ह्या बाया आडव्या पडल्या? मानसिंगला ह्या वाडीत राहायचंय. त्याचं लेकरू यायचंय.

पोतं देवळात गेलं. शिवरात्र झाली की बघू. तू हितं येऊ नको, तो काय बोलंल त्याचा नेम न्हाई.

तुझी आत्या

राजनंदिनीताई, यापुढचं माझं मी लिहितेय, आत्याबाईंना माहीत नाही. चष्मा मोडलेला नाही. त्यांना बसून लिहिता येत नाही. मार्गशीर्षापासूनच त्यांचं जेवण गेलंय. पोट दिसू नये म्हणून लुगड्यावर घोंगडी गुंडाळून बसायच्या, आता बसतही नाहीत. खिंडीत त्या मार्गशीर्ष लागल्यापासून चढलेल्या नाहीत. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, मीही पडले असं कळलं तर वाडी पोत्याकडं बोट दाखवील. ह्यांना वाटतं थंडी बाधलीय. मला तसं वाटत नाही, पण ह्या घरात माझं कोण ऐकतं.

पाळण्याच्या शेंगा मी काढून टाकल्या. पोतं देवळात जायच्या आधी तळातली एक मूठ काढून ठेवली होती. ती पत्रासोबत फडक्यात बांधलीय. निवडलेली नाही.

स्नेहल

*

कामथडी
मंगळवार, ३ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

स्नेहलनं तुमचंच पत्र लिहून दिलं. पण अक्षर तुमचं नव्हतं, एवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. तिला काही बोलू नका.

न निवडलेल्या वरईचा नमुना मला मिळाला. त्यात खुळखुळा आहे. शोधावा लागला नाही. पाटावर पसरल्याबरोबर शुभ्रानं हात मागं घेतला.

बाळाबाईंच्या घासांबद्दल तुम्ही विचारलंत. उत्तर देते. तुम्ही भरवलेत तेव्हा माझं पत्र तुमच्या हातात नव्हतं. त्याआधी माझ्या हातचा एक कागद वाडीत होता, त्यात 'हरकत नाही' असं लिहिलेलं होतं. ते घास त्या कागदाचे आहेत. मी हे समजूत घालायला लिहीत नाही. घडलं ते या क्रमानं घडलं. पंधरा जानेवारीच्या पत्राला उत्तर आलं नाही, तरी वरई थांबली असेल असं मी धरून चालले, तेही माझंच.

आता जे करायचं आहे ते.

परवा गुरुवारी संकष्टी आहे. वाडीतल्या घराघरांत थोडी थोडी वरई असणार. नंतर पंधरा तारखेला देवळापुढं चूल पेटेल आणि पोरंसुद्धा खातील. स्नेहल खाईल. ज्यांची पोटं अजून बरी आहेत त्यांना वाचवता येतं. तेवढंच हातात आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. मी आज वाडीत आले तर लोक म्हणतील, जुनं भांडण घेऊन आली. मग चूल हट्टानं पेटेल. गुरव माझं ऐकणार नाही. तुम्ही म्हणालात तर ऐकेल, कारण पोतं तुमच्या घरचं आहे.

तुम्हाला मानसिंगचं नाव घ्यायला नको आणि स्वतःचंही नको. माझं घ्या. सोबत वेगळा कागद आहे. तो स्नेहलनं देवळात वाचावा, जसा आधीचा वाचला तसा, मोठ्यानं. त्यात इतकंच लिहिलंय:

"मी, राजनंदिनी, कापूरहोळच्या प्रयोगशाळेत काम करते. वरई खायला हरकत नाही, असं मी कळवलं होतं. ते चुकीचं होतं. मी तपासलेला नमुना आणि वाडीतली वरई एक नव्हती. चूक माझी आहे, सगुणाबाईंच्या घराची नाही. वरई कुणीही खाऊ नये, गुरांना, कोंबड्यांना घालू नये, ओढ्यात टाकू नये, पुढच्या पेरणीला ठेवू नये. सगळी एका पोत्यात बांधून ठेवावी. ज्यांना जेवण जात नाही किंवा पोटात दुखतं, त्यांनी लपवू नये."

उपास मोडायला मी सांगत नाही. सोमनाथ कंडक्टरांकडं रताळी आणि शेंगदाणे दिले आहेत, वाडीला दोन दिवस पुरतील. देवाला तेही चालतं, असं गुरवांनी सांगितलं तर बरं होईल. त्यांची सून आडवी आहे. ते सांगतील असं मला वाटतं.

तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना मी आज नमुन्यासह लेखी कळवलं आहे. त्यांचं पथक येईल. कधी, ते अजून ठरलेलं नाही, म्हणून त्याच्यावर थांबू नका.

तुमच्याबद्दल. पुण्याला खाट बघून ठेवली आहे. तिथल्या डॉक्टरांना खुळखुळ्याचं सांगितलं आहे. ते दारूचं विचारणार नाहीत. पोटातलं पाणी काढता येतं. यकृत किती उरलंय ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि मी अंदाज लिहिणार नाही. तसा एक अंदाज मी जानेवारीत लिहून बसले आहे.

शुक्रवारी सकाळी मी जीप घेऊन येते. मानसिंग काय म्हणायचं ते म्हणू दे. मी उंबऱ्याच्या आत येणार नाही. स्नेहलनं तुम्हाला बाहेर आणावं.

त्याआधी मला एक कळायला हवं: कागद वाचला गेला का. वाचला गेला असेल तर एक ओळ पुरे. नसेल तर तसं लिहा, म्हणजे मी शुक्रवारची वाट बघणार नाही. उत्तर तुमच्या हातचं हवं, आडवं, तिरपं, कसंही चालेल.

गुरुवार, ५ फेब्रुवारीच्या दुपारच्या एसटीनं पाठवा. मी टपरीवर थांबते.

नंदू